‘अ’ श्रेणीतला पुरवठादार आणि थांबलेली लाइन

ज्या दिवशी आमची जुळणीची लाइन पावणेदोन तास बंद राहिली, त्या दिवशी ज्याच्या मालामुळे ती बंद राहिली तो पुरवठादार आमच्याच तक्त्यात ‘अ’ श्रेणीत होता. भाग अगदी साधा होता. ब्रेकच्या पेडलच्या सांध्यात पिनेवर बसणारा बुश, म्हणजे छोटी नळी, मुठीत दहा-बारा मावतील एवढी. लाइनवरच्या मुलाने तो पिनेवर सरकवला, तर अर्ध्यावर अडकला. दुसरा घेतला, तोही अडकला. मला बोलावणे आले तेव्हा मी खाली जाऊन ट्रेमधले पाच बुश उचलले आणि त्यांत ‘गो’ गेज, म्हणजे भोक किमान मापाचे आहे की नाही हे दाखवणारी दांडी, घालून पाहिले. तीन बुशांत ते सहज गेले, दोन बुशांत तोंडाशीच थांबले. आतला व्यास खालच्या मर्यादेपेक्षा काही मायक्रॉनने कमी होता. पुढचे दोन दिवस स्टोअरमधला सगळा साठा, एकेक बुश हातात घेऊन, निवडण्यात गेले.

त्या संध्याकाळी मी महिन्याचा व्हेंडर रेटिंगचा, म्हणजे पुरवठादारांना गुण देण्याचा, तक्ता पुन्हा उघडला. तो दर महिन्याला मीच भरत असे, त्यामुळे एखादा आकडा चुकला असेल तर तो माझ्याच हातून चुकला असणार या काळजीने मी तो पहिल्या ओळीपासून तपासला. आकडे बरोबर होते. शंभरापैकी गुणवत्तेला ४०, वेळेवर पुरवठ्याला ३० आणि दराला ३० असे वजन पूर्वीपासून ठरलेले होते. या पुरवठादाराच्या दहा लॉटपैकी, म्हणजे मालाच्या खेपांपैकी, पाचच लॉट पहिल्या तपासणीत पास झाले होते, म्हणून गुणवत्तेत त्याला ५० गुण होते. मात्र पुरवठ्यात ९८ आणि दरात ९८. एकूण ७८.८. त्याच बुशाचा आमचा दुसरा पुरवठादार गुणवत्तेत ८५, पुरवठ्यात ७५ आणि दरात ७२ गुणांवर होता. त्याची बेरीज ७८.१. ‘अ’ श्रेणी ७५ पासून सुरू होत असे, म्हणजे दोघेही ‘अ’ मध्ये, आणि ज्याचा निम्मा माल परत जात होता तो दुसऱ्याच्या पुढे. बेरीज अचूक होती, पण तिच्यातून निघालेला निष्कर्ष ज्याने त्या दिवशी ट्रेमधले बुश हाताळले होते अशा कोणालाही पटला नसता.

हिशेब बरोबर आणि निर्णय चूक, हे कसे होते, याचा शोध घेता घेता मी बहुनिकष निर्णयपद्धतींपर्यंत पोहोचले आणि गेली कित्येक वर्षे त्यांच्याच सोबत काम करते आहे. एकाच वेळी अनेक निकषांवर, त्यातही एकमेकांच्या विरोधात जाणाऱ्या निकषांवर, पर्यायांची तुलना कशी करावी याचे हे शास्त्र आहे. पुरवठादाराची निवड हा त्यातला सर्वांत जुन्या आणि सर्वांत जास्त अभ्यासलेल्या प्रश्नांपैकी एक. अमेरिकेत गॅरी डिक्सन यांनी १९६६ मध्ये खरेदी अधिकाऱ्यांना विचारून पुरवठादार निवडीचे २३ निकष महत्त्वाच्या क्रमाने लावले होते, आणि त्यात गुणवत्ता पहिल्या, तर वेळेवर पुरवठा दुसऱ्या क्रमांकावर आला होता. दर त्यांच्या खाली होता. आमच्या तक्त्यातही गुणवत्तेचेच वजन सर्वांत जास्त होते, तरीही जे व्हायचे ते झालेच. म्हणून केवळ क्रम बरोबर असून भागत नाही, हे मला पहिल्यांदा उमगले.

माझा पहिला उपाय सगळ्यांना सुचेल तोच होता: गुणवत्तेचे वजन वाढवावे. मी करून पाहिले. गुणवत्तेला ४० ऐवजी ४२ आणि बाकी दोघांना २९-२९ दिले की दुसरा पुरवठादार पुढे जात होता. हे पाहून समाधान वाटण्याऐवजी मी अस्वस्थ झाले, कारण ज्या क्रमवारीवर आम्ही महिन्याच्या ऑर्डरी वाटत होतो ती केवळ दोन गुणांच्या फरकावर उभी होती, आणि ते ४० कोणी, कधी, कशाच्या आधारावर ठरवले हे कारखान्यात कोणालाच सांगता येत नव्हते. एका जुन्या फाइलमध्ये ते तसे छापलेले होते, एवढाच त्याचा आधार. वजने थोडी इकडे-तिकडे करून क्रम टिकतो का हे पाहणे, ही तपासणी कोणत्याही गुणांकनात सर्वांत आधी व्हायला हवी असे मी तेव्हापासून मानते, आणि ती करायला कागद-पेन्सिल पुरते.

वजने कशी ठरवावीत यासाठी सर्वाधिक वापरली जाणारी पद्धत म्हणजे ॲनालिटिक हायरार्की प्रोसेस, म्हणजेच एएचपी. मूळचे इराकमधल्या मोसूलचे आणि पुढे अमेरिकेत स्थायिक झालेले गणितज्ञ थॉमस साटी यांनी ती १९७० च्या दशकात मांडली. तिच्यामागचा विचार मला फार माणसाळलेला वाटतो. सात-आठ निकष एकदम समोर ठेवून त्यांना शंभरातले वजन वाटून द्या म्हटले तर माणूस गोंधळतो आणि सगळ्यांना थोडेथोडे देऊन मोकळा होतो. पण दोनच गोष्टी समोर ठेवून यातली कोणती आणि कितीने महत्त्वाची असे विचारले, तर तो बऱ्यापैकी विचारपूर्वक उत्तर देतो. म्हणून इथे निकषांची तुलना जोडीजोडीने करतात आणि उत्तर १ ते ९ या पट्टीवर देतात: १ म्हणजे दोन्ही सारखे, ३ म्हणजे एक थोडा अधिक महत्त्वाचा, ५ म्हणजे स्पष्टपणे अधिक, ७ म्हणजे फारच अधिक, आणि ९ म्हणजे याहून अधिक काही असूच शकत नाही. या उत्तरांच्या चौकोनी मांडणीतून वजने काढतात. त्याशिवाय उत्तरे एकमेकांशी जुळतात की नाही, हे सांगणारे एक सुसंगती गुणोत्तरही त्यातून निघते. कोणी पट्टीवर आंधळेपणाने आकडे टाकले असते तर जेवढी विसंगती आली असती, तिच्याशी आपल्या विसंगतीची तुलना करून हे गुणोत्तर काढतात, आणि ते ०.१० च्या आत असावे असा साटींचा दंडक आहे.

आमच्याकडे परचेस, क्वालिटी, स्टोअर आणि उत्पादन या चार विभागांच्या प्रमुखांना मी एकेक कोरा कागद दिला आणि तीन निकषांच्या तीन जोड्या भरायला सांगितले. माझ्या, म्हणजे क्वालिटी विभागाच्या प्रमुखांनी गुणवत्ता पुरवठ्यापेक्षा ३, गुणवत्ता दरापेक्षा ५ आणि पुरवठा दरापेक्षा ३ असे भरले; त्यातून गुणवत्तेचे वजन ०.६४, पुरवठ्याचे ०.२६ आणि दराचे ०.१० निघाले, आणि सुसंगती गुणोत्तर आले ०.०३. परचेसच्या साहेबांचा कागद मात्र वेगळाच होता. गुणवत्ता पुरवठ्यापेक्षा ३, पुरवठा दरापेक्षा ३, इथपर्यंत ठीक; पण शेवटच्या जोडीत त्यांनी दराला गुणवत्तेपेक्षा २ दिले होते. म्हणजे गुणवत्ता पुरवठ्याहून मोठी, पुरवठा दराहून मोठा, आणि दर पुन्हा गुणवत्तेहून मोठा. गुणोत्तर ०.८६ आले.

बैठकीत मी ते सांगितले तेव्हा साहेब नाराज झाले, आणि त्यांचे नाराज होणे योग्यच होते, कारण वीस वर्षांच्या अनुभवावर मी एका गुणोत्तराचे बोट ठेवत होते. थोड्या वेळाने ते म्हणाले, “मॅडम, माझे काही चुकलेले नाही. तुम्ही तीन वेळा विचारलेत आणि तिन्ही वेळा माझ्या डोळ्यांसमोर वेगळा माल होता. पहिल्या वेळी ब्रेकचे भाग होते, शेवटच्या वेळी पुठ्ठ्याचे खोके आणि वॉशर.” खोक्याचा एक कोपरा दबला तर कोणाचे काही बिघडत नाही, तिथे दर पाहायचा, बुशाच्या बाबतीत तसे करता येत नाही. हे ऐकल्यावर खोलीतल्या सगळ्यांच्या लक्षात आले की चूक साहेबांच्या उत्तरात नव्हती, आमच्या प्रश्नात होती. सगळ्या मालाला एकच मापटे लावून आम्ही तक्ता भरत होतो. त्या दिवशी आम्ही मालाचे तीन वर्ग केले: सुरक्षेशी संबंधित भाग, कार्याशी संबंधित भाग आणि सर्वसाधारण माल. प्रत्येक वर्गासाठी चौघांनी वेगळा कागद भरला. या वेळी साहेबांचे गुणोत्तर तिन्ही कागदांवर ०.१० च्या आत आले.

एएचपीवर लिहिणारे बहुतेक जण विसंगतीला दुरुस्त करण्याची चूक समजतात, आणि काही संगणकीय साधने तर ती आपोआप सुधारूनही देतात. मला हे अजिबात मान्य नाही. ०.८६ हा आकडा पुसून टाकला असता तर मालाचे तीन वर्ग आम्हाला कधीच सुचले नसते. माणूस जेव्हा स्वतःशीच विसंगत बोलतो, तेव्हा बहुधा त्याने न सांगितलेली एखादी अट त्यामागे असते, आणि ती काढून घेणे हेच त्या बैठकीचे खरे काम असते.

चौघांची मते एकत्र करताना एक बारीक गोष्ट सांभाळावी लागते, ती इथेच नोंदवते. एकाने गुणवत्तेला पुरवठ्यापेक्षा ३ दिले आणि दुसऱ्याने पुरवठ्याला गुणवत्तेपेक्षा ३ दिले, तर दोघांचे मिळून मत ‘सारखे’ असे यायला हवे. साधी सरासरी काढली तर ३ आणि एक-तृतीयांश यांची १.६७ येते, आणि उलट बाजूने काढली तरीही १.६७ च येते; म्हणजे गुणवत्ता पुरवठ्याहून मोठी आणि पुरवठाही गुणवत्तेहून मोठा. गुणाकार करून मूळ काढले, म्हणजे भूमितीय सरासरी घेतली, तर उत्तर नेमके १ येते. मी अनेक ठिकाणी ही चूक होताना पाहिली आहे, आणि ती कोणाच्या लक्षातही येत नाही, कारण तक्ता व्यवस्थित दिसतो.

सुरक्षेच्या वर्गात शेवटी क्वालिटीच्या कागदाच्या फार जवळची वजने ठरली. त्या वजनांनी पाहिले तर पहिला पुरवठादार ६७ वर आणि दुसरा ८१ वर येत होता. सगळे खूश झाले. पण तक्ता बंद करण्याआधी मी एक काल्पनिक पुरवठादार त्यात घातला: पुरवठ्यात १००, दरात १००, गुणवत्तेत ६२. त्याचे एकूण गुण ७५.७ आले. म्हणजे ज्याचे शंभरातले अडतीस लॉट नापास होतात तो ब्रेकच्या भागासाठी अजूनही ‘अ’ श्रेणीत बसत होता. वजन कितीही वाढवले तरी बेरजेचा स्वभाव बदलत नाही. बेरीज म्हणजे भरपाईला परवानगी: इथे कमी पडलेले तिथे भरून काढा. प्रश्न असा आहे की स्वस्त दराने आणि वेळेवर आलेल्या टेम्पोने अडकणाऱ्या बुशाची भरपाई होते का. होत नाही. मग ती बेरीज करायचीच कशाला?

भरपाई किती चालू द्यायची, हा माझ्या मते या संपूर्ण विषयाचा गाभा आहे, आणि पद्धतींमधले खरे फरक इथेच आहेत. याचे सर्वांत ठळक उदाहरण संयुक्त राष्ट्रांच्या मानव विकास निर्देशांकाचे आहे. आरोग्य, शिक्षण आणि उत्पन्न या तीन घटकांची साधी सरासरी घेऊन तो वर्षानुवर्षे काढला जात असे. त्यामुळे उत्पन्न पुरेसे जास्त असले की शिक्षणातली उणीव झाकली जात असे. २०१० पासून साध्या सरासरीऐवजी भूमितीय सरासरी घेतली जाऊ लागली. भूमितीय सरासरीत एखादा घटक खूप खाली गेला की तो सगळ्यांना खाली ओढतो, आणि शून्यावर गेला तर एकूण आकडाही शून्य होतो. आमच्या मूळच्या ४०-३०-३० या वजनांनीच मी दोन्ही पुरवठादारांचे गुण या रीतीने काढले, तर पहिल्याला ७४.९ आणि दुसऱ्याला ७७.९ मिळाले. वजनांना हातही न लावता क्रम उलटला. गुण तेच, वजने तीच, फक्त एकत्र करण्याची क्रिया बदलली. तक्त्याच्या तळाशी असलेले ते बेरजेचे चिन्ह हाही एक निर्णयच असतो, आणि तो बहुधा कोणीही जाणूनबुजून घेतलेला नसतो.

तरीही भूमितीय सरासरी भरपाई कमी करते, बंद करत नाही. ती पूर्णपणे बंद करण्याची वाट फ्रान्समध्ये बेर्नार रॉय यांनी १९६० च्या दशकात सुरू केलेल्या एलेक्त्र या पद्धतींच्या कुळात सापडते. रॉय यांनी एकूण गुणांचा नादच सोडला. दोन पर्याय समोरासमोर ठेवायचे, किती आणि केवढ्या वजनाचे निकष पहिल्याच्या बाजूने आहेत ते पाहायचे, आणि त्याच वेळी एखादा निकष इतक्या जोराने विरोधात आहे का की त्याने एकट्याने नकार द्यावा, हेही पाहायचे. या नकाराधिकाराची कल्पना मला आमच्या कारखान्यासाठी सर्वांत उपयोगाची वाटली. संपूर्ण एलेक्त्र आम्ही कधी वापरली नाही. तिच्या उंबरठ्यांचे आकडे ठरवणे आणि ते लाइनवरच्या माणसापर्यंत पोहोचवणे आमच्या आवाक्याबाहेरचे होते. आम्ही फक्त एक फाटक घातले. सुरक्षेच्या वर्गात गुणवत्तेचे गुण ८० च्या खाली असतील तर बेरीज करायचीच नाही. श्रेणीच्या रकान्यात आडवी रेघ.

सरकारी निविदांचे काम केलेल्या वाचकांना हे फाटक ओळखीचे वाटेल. तांत्रिक लिफाफ्यात ठरलेले किमान गुण मिळाल्याखेरीज दराचा लिफाफा उघडतच नाहीत, ते हेच आहे. फाटक ओलांडल्यावर मात्र आपल्याकडे दीर्घकाळ एकच निकष उरत असे, तो म्हणजे सर्वांत कमी दर, एल-वन. ऑक्टोबर २०२१ मध्ये केंद्रीय अर्थ मंत्रालयाने बांधकामे आणि सल्लागारीखेरीजच्या सेवा यांच्यासाठीही काही अटींवर गुणवत्ता आणि दर यांचे एकत्रित गुणांकन करायला मुभा दिली, आणि दरेतर निकषांचे वजन ३० टक्क्यांहून जास्त असू नये अशी मर्यादाही घातली. ही मर्यादा योग्य की अयोग्य यावर वाद होऊ शकतो. मला त्यातली एक गोष्ट मनापासून आवडते: वजने निविदेच्या कागदात, कोणाचाही दर कळण्याआधी, छापावी लागतात. खासगी कारखान्यांत मी उलटे पाहिले आहे. आधी गुण भरायचे, मग कोण वर येतो ते पाहायचे, आणि मनातला माणूस वर आला नाही तर वजनांना हात घालायचा. ताकाला जायचे आणि भांडे लपवायचे, असा तो प्रकार.

आता त्या गोष्टीकडे येते जिच्याकडे सर्वांत कमी लक्ष दिले जाते. दर रुपयांत असतो, पुरवठा टक्क्यांत, आणि नापास माल दहा लाखांत किती या हिशेबात, म्हणजे पीपीएममध्ये. हे सगळे एका पट्टीवर आणल्याशिवाय त्यांची बेरीजही होत नाही आणि गुणाकारही. पट्टीवर आणण्याच्या रीती अनेक आहेत, आणि प्रत्येक रीत गुपचूप वजने बदलते. समजा, एका भागासाठी तीन दर आले: ११८, ११९ आणि १२० रुपये. सर्वांत स्वस्ताला १०० आणि सर्वांत महागाला ० देण्याची रीत घेतली तर गुण होतात १००, ५० आणि ०. दोन रुपयांचा फरक, आणि एकाला पैकीच्या पैकी तर दुसऱ्याला भोपळा. कमीत कमी दराला त्या-त्या दराने भागून शंभराने गुणण्याची रीत घेतली तर हेच गुण १००, ९९.२ आणि ९८.३ होतात. पहिल्या रीतीत दर निर्णायक ठरतो, दुसऱ्या रीतीत तो जवळजवळ नाहीसा होतो. आणि दोन्ही तक्त्यांवर दराचे वजन मात्र ३० असेच छापलेले असते.

पहिल्या रीतीत आणखी एक धोका आहे. चौथा पुरवठादार आला आणि त्याने १५० रुपये दर दिला असे धरा. त्याला ऑर्डर मिळण्याचा प्रश्नच नाही. पण तो पट्टीच्या तळाशी येऊन बसतो आणि पहिल्या तिघांचे गुण १००, ९७ आणि ९४ होतात. ज्या तिसऱ्याला आधी शून्य होते तो एकदम ९४ वर जातो, आणि त्याची गुणवत्ता चांगली असेल तर एकूण क्रमवारीत तो पहिलाही येऊ शकतो. ज्याला काही मिळणार नाही अशा माणसाच्या नुसत्या येण्याने बाकीच्यांचा आपसातला क्रम बदलतो. यालाच क्रमपालट म्हणतात. एएचपीत पर्यायांचे गुणही जोडीजोडीने काढले तर तिथेही हे घडू शकते, असे १९८३ मध्ये बेल्टन आणि गिअर यांनी दाखवून दिले, आणि त्यावरचा वाद बरीच वर्षे चालला. १९८१ मध्ये ह्वांग आणि यून यांनी मांडलेली टॉपसिस ही पद्धत आदर्श पर्यायापासूनचे आणि निकृष्ट पर्यायापासूनचे अंतर मोजते. ते आदर्श आणि निकृष्ट टोक यादीतल्याच पर्यायांतून घेतले, तर तीही या दोषातून सुटत नाही. आम्ही यावर केलेला उपाय साधा आहे. पट्टीची दोन्ही टोके आलेल्या दरांवरून घ्यायची नाहीत. परचेस विभागाने काढलेल्या अंदाजित किमतीवरून ती आधीच ठरवायची. मग कितीही जण आले-गेले तरी ११८ रुपयांचे गुण तेच राहतात.

आणखी एका पद्धतीचा उल्लेख करते, जरी मी ती कारखान्यात वापरलेली नाही. चार्न्स, कूपर आणि ऱ्होड्स यांची १९७८ मधली डेटा एन्व्हलपमेंट ॲनालिसिस प्रत्येक संस्थेला स्वतःच्या सर्वांत फायद्याची वजने निवडू देते, आणि एवढे करूनही ती संस्था मागे पडली तर तिला तक्रारीला जागा उरत नाही. बँकांच्या शाखा, रुग्णालये, शाळा यांच्या तुलनेत ती फार वापरली जाते. पुरवठादारासाठी मला ती नको वाटते, कारण ब्रेकच्या बुशाला दराचे वजन किती असावे हे बुश विकणाऱ्याने ठरवू नये.

वजने कशासाठी मोजतो आहोत यावर अवलंबून असतात, हे आमच्या तीन वर्गांनी शिकवले, आणि हीच गोष्ट मोठ्या संस्थांच्या मूल्यांकनातही दिसते. उच्च शिक्षण संस्थांचे मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या २०१७ नंतरच्या आराखड्यात विद्यापीठांसाठी संशोधनाच्या निकषाला १००० पैकी २५० गुण होते आणि अध्यापन-अध्ययनाला २००. संलग्न पदवी महाविद्यालयांसाठी मात्र संशोधनाला ११० आणि अध्यापन-अध्ययनाला ३५०. तालुक्याच्या गावातल्या महाविद्यालयाला आणि विद्यापीठाला एकाच गजाने मोजू नये, हे त्यात मान्य केलेले आहे. अमेरिकेतल्या संस्थांच्या गुणवत्तेसाठीच्या बाल्ड्रिज पुरस्काराच्या चौकटीत १००० पैकी ४५० गुण प्रत्यक्ष निष्पत्तीला दिलेले असत आणि उरलेले ५५० नेतृत्वापासून कार्यपद्धतीपर्यंतच्या सहा निकषांत वाटलेले असत. मुंबईतल्या आयएमसी या व्यापार-उद्योग मंडळाचा रामकृष्ण बजाज राष्ट्रीय गुणवत्ता पुरस्कार त्याच धर्तीवर आहे. निष्पत्तीला जवळजवळ निम्मे वजन देणे मला योग्य वाटते, कारण कार्यपद्धतीच्या फाइली सजवता येतात, परत आलेला माल सजवता येत नाही.

तसे म्हटले तरी परत आलेल्या मालाची नोंद सजवता येते, हेही मी पाहिले आहे. तक्त्यात जाणारा आकडा कुठून येतो हे पाहिले नाही तर पुढची सगळी पद्धत वाया जाते. आमच्याकडे पुरवठ्याची तारीख म्हणजे गेटवर चलनाची नोंद झाल्याची तारीख असे धरले जाई. ते पुरवठादारांना कळले तेव्हा महिन्याच्या शेवटच्या दिवशी टेम्पोत चार क्रेट घालून पाठवायचे आणि उरलेला माल पुढच्या आठवड्यात आणायचा, असे सुरू झाले. चलन वेळेवर, माल उशिरा, गुण ९८. तसेच ‘डेव्हिएशन’वर घेतलेल्या लॉटचे. माप थोडे बाहेर आहे, पण लाइनला गरज आहे म्हणून वरिष्ठांच्या सहीने घेतलेला लॉट ‘पास’ या रकान्यात जाई. या दोन्ही नोंदी बदलायला आम्हाला एएचपीच्या बैठकीपेक्षा जास्त वेळ लागला, कारण त्यात कोणाची तरी सोय अडत होती. आता पुरवठा ऑर्डरच्या पूर्ण संख्येवर मोजतात, आणि डेव्हिएशनवर घेतलेल्या लॉटला अर्धे गुण मिळतात.

नवा तक्ता लागला त्या महिन्यात बुशवाल्या पुरवठादाराच्या नावापुढे आडवी रेघ आली. चौथ्या दिवशी त्याचे शेठ स्वतः आले. मी घाबरत घाबरत तक्ता त्यांच्यापुढे ठेवला: वर्ग कोणता, वजने कोणती, फाटक कितीचे, आणि त्यांचे दहा लॉट तारखेसह. त्यांनी तो बराच वेळ पाहिला आणि म्हणाले, “मॅडम, यातले दोन लॉट जुन्या ड्रॉइंगने केलेले आहेत. नवे ड्रॉइंग माझ्याकडे माल निघाल्यावर आले.” आम्ही रेकॉर्ड काढले. एका लॉटच्या बाबतीत ते खरे निघाले. सुधारित ड्रॉइंग आम्ही माल निघाल्याच्या दुसऱ्या दिवशी पाठवले होते. तो लॉट हिशेबातून काढला तेव्हा नऊपैकी पाच, म्हणजे त्यांचे गुण ५० वरून ५६ झाले. ते ८० च्या खालीच होते आणि रेघ तशीच राहिली, पण शेठनी वाद घातला नाही. त्यांनी फक्त विचारले की उरलेले चार लॉट त्यांच्याकडच्या तपासणीत पास झाले, मग इथे नापास कसे झाले.

दुसऱ्या दिवशी ते आपले प्लग गेज फडक्यात गुंडाळून घेऊन आले. आमचे आणि त्यांचे गेज शेजारी ठेवून मायक्रोमीटरने मोजले, तर त्यांच्या गेजची ‘गो’ बाजू वापरून वापरून झिजलेली होती, काही मायक्रॉनने बारीक झाली होती. असे गेज लहान भोकातही सहज जाते आणि तपासणारा प्रामाणिकपणे ‘पास’ लिहितो. आमच्या तक्त्यात तेव्हापासून दोन रकाने वाढले, लॉटच्या ड्रॉइंगच्या सुधारणेची तारीख आणि पुरवठादाराच्या गेजच्या शेवटच्या कॅलिब्रेशनची, म्हणजे गेजचेच माप तपासल्याची, तारीख. त्यांना कोणतेही गुण नाहीत. पण दर महिन्याला तक्ता भरायला बसले की मी सर्वांत आधी तेच दोन रकाने भरते.